‘२१ दिवसांत तोतरेपणा गायब’ या मेसेजला उत्तर

‘तोतरेपणा म्हणजे मनातली भीती. तोंडात खडे ठेवून रोज मोठ्याने वाचा, २१ दिवसांत जीभ मोकळी होईल. स्पीच थेरपिस्ट वर्षानुवर्षे नुसते पैसे घेतात.’ असा मेसेज सगळीकडे फिरतो आहे. माझी सगळी नोकरी तोतरेपणा असलेल्या माणसांसोबत गेली, म्हणून एकेक दावा घेते.

भीतीमुळे होतो? तोतरेपणा बहुतेकदा २ ते ५ या वयात सुरू होतो. भीती नंतर येते, लोक हसायला लागल्यावर. तो अनेकदा घराण्यात चालत येतो. २०१० मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रेना यांच्या पथकाने त्याच्याशी संबंधित तीन जनुकं दाखवून दिली. आईबापांनी उगाच स्वतःला दोष देऊ नये.

खडे? तोंडात खडे ठेवून बोलण्याचा सराव करणाऱ्या डिमॉस्थेनिस या प्राचीन ग्रीक वक्त्याची गोष्ट जुनी आहे, पण दुखणं जिभेत नाहीच. हीच माणसं गाताना किंवा चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना सहसा अडखळत नाहीत. जिभेवर राग काढून झालाय: १८४१ मध्ये डीफेनबाख या जर्मन सर्जनने यासाठी जिभा कापून पाहिल्या, तेही भूल येण्याआधीच्या काळात. आणि लहान मुलाच्या तोंडात खडे देणं सरळसरळ धोक्याचं आहे.

२१ दिवस? तोतरेपणा सुरू झालेल्या मुलांपैकी साधारण ७५ ते ८० टक्के पुढे सुरळीत बोलू लागतात, बरीचशी उपचारांशिवाय. त्याच सुमारास खडे दिले असतील तर श्रेय खड्यांना जातं. मोठेपणी टिकलेला तोतरेपणा सहसा पुरता जात नाही.

मग आम्ही स्पीच थेरपिस्ट करतो काय? ‘प’पासून नाव सुरू होणारा एक माणूस डोळ्यांपुढे आणा. बाकी शब्द तो बदलून घेतो, नाव कसं बदलणार? फोनवर ‘कोण बोलतंय?’ ऐकताच ओठ घट्ट मिटतात, आवाज थांबतो, मान झटका देते. स्वतः तोतरेपणा असलेल्या चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी स्पीच थेरपिस्टनी दाखवलेली वाट अशी: जोर लावू नका. ओठ कुठे आवळलेत ते ओळखा, अडकलेले असतानाच सैल सोडा आणि पुढच्या स्वरावर सरका. हे आधी माझ्यासमोर, मग फोनवर, मग अनोळखी माणसापुढे. कधी मुद्दाम अडखळायचं, म्हणजे लपवण्याचा धाक उतरतो. याला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजे लुबाडणूक नव्हे. थेरपीनंतर कुणी अडखळत का होईना, पण हवा तोच शब्द बोलला आणि मीटिंगमध्ये स्वतःहून हात वर केला, तर मी ते यश मानते. मात्र ‘पूर्ण बरा करतो’ अशी हमी देणारा थेरपिस्ट भेटला तर त्यालाही टाळा.

घरच्यांसाठी एवढंच: ‘हळू बोल, श्वास घे’ म्हणू नका, त्याचं वाक्य आपण पुरं करू नका. बोलताना मुलाचा चेहरा ताणला जात असेल, घरात आणखी कुणाला तोतरेपणा असेल किंवा अडखळणं महिनोन्‌महिने टिकलं असेल, तर २१ दिवस मोजत न बसता थेरपिस्टकडे न्या.