मोफत सॉफ्टवेअर, इस्त्री आणि मोरी : एका फिरत्या निरोपाला उत्तर

प्रकल्प जमा करण्याचे दिवस जवळ आले की नागपुरातील पदविका आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत एक निरोप हातोहात फिरतो. मोफत सॉफ्टवेअरवर काढलेला सर्किट बोर्ड (इलेक्ट्रॉनिक भाग जोडणारी, तांब्याच्या रेषांची पाटी) कारखाने बनवायला घेत नाहीत. कागदावर छापलेला आराखडा इस्त्रीने तांब्याच्या पाटीवर उतरवून घरी बोर्ड करणे म्हणजे वेळेची नासाडी. आणि केलाच, तर नको असलेले तांबे खाणारे फेरिक क्लोराईडचे उरलेले द्रावण पाणी घालून मोरीत ओतावे, असे त्यात म्हटलेले असते.

पहिले विधान सरळ चूक आहे. कारखान्याला आपले सॉफ्टवेअर नको असते, गर्बर (थरांचे आराखडे) आणि ड्रिलच्या (छिद्रांच्या जागांच्या) फाइली हव्या असतात, आणि त्या किकॅड या मोफत सॉफ्टवेअरमधूनही निघतात. १९९२ मध्ये सुरू झालेल्या किकॅडच्या विकासाला २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेने हातभार लावला. त्यात तांब्याचे ३२ थरांपर्यंतचे बोर्ड काढता येतात. उलट ऑटोडेस्क कंपनीच्या ईगल या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती दोन थर आणि ८० चौरस सेंटिमीटर एवढ्यावरच थांबत असे, आणि ७ जून २०२६ नंतर ईगलच बंद होणार असल्याचे ऑटोडेस्कने २०२३ मध्ये जाहीर केले.

दुसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. दोन बाजूंच्या बोर्डाच्या छिद्रांत घरी तांब्याचा मुलामा चढत नाही, प्रत्येक ठिकाणी तार घालून दोन्हीकडे सोल्डरचा डाग द्यावा लागतो. असा बोर्ड कारखान्याकडेच द्यावा. पण एका बाजूचा, ज्यावरच्या भागांच्या पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असते असा बोर्ड एका संध्याकाळी होतो. तो बिघडतो तेव्हा दोष बहुधा इस्त्रीचा नसून आराखड्याचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेली ट्रॅकची (तांब्याच्या रेषेची) सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदी कारखान्याला चालते, पण चकचकीत कागदावरून तांब्यावर उतरणाऱ्या टोनरला (लेझर प्रिंटरच्या शाईच्या पुडीला) ती झेपत नाही. ट्रॅक ०.५, मधली फट ०.४ आणि पॅड (पाय जोडायचे तांब्याचे ठिपके) दोन मिलिमीटरचे ठेवले की ०.८ च्या ड्रिलने भोक पाडल्यावरही कडेला तांबे उरते. (इंकजेटच्या छपाईने हे होत नाही; लेझर प्रिंटरच लागतो.)

माझा पहिला बोर्ड मात्र रुंदीने नव्हे, उलट्या छपाईने फसला. खालचा थर पडद्यावर वरून पाहिल्यासारखाच दिसतो आणि इस्त्री करताना आपोआप उलटतो, म्हणून तो जसाच्या तसा छापायचा असतो. मी 'मिरर'वर खूण केली आणि शेवटी ५५५ चा आयसी (टायमरची चिप) तांब्याच्या बाजूने बसवला. तेव्हापासून छापील कागदावर आयसी ठेवून पाय जुळतात का हे पाहिल्याशिवाय मी इस्त्री तापवत नाही. एचिंगचे, म्हणजे द्रावणात नको ते तांबे विरघळवण्याचे, म्हणाल तर मे महिन्यात गच्चीवर द्रावण आपोआप तापते. डिसेंबरात ट्रे गरम पाण्यात ठेवावा लागतो. ट्रे प्लास्टिकचाच घ्यावा, कारण हे द्रावण स्टीललाही खाते.

तिसरे विधान मात्र घातक आहे. पाण्याने द्रावण पातळ होते, पण त्यात विरघळलेले तांबे तेवढेच राहते, आणि ते जलचरांना विषारी असते. आपल्या सांडपाण्याने नाग नदी आधीच नासलेली आहे. शिवाय एकदा वापरलेले फेरिक क्लोराईड लगेच निकामी होत नाही. झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे आणि पुढच्या अनेक बोर्डांना वापरावे. ते अगदीच मंदावले की महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रासायनिक कचरा वेगळा गोळा होत असेल तर विचारून तिथे द्यावे. तोवर कॅन झाकून घरातच राहू द्यावा.