ब्लेड बदललं, तुरटीचं काय?

सलूनमधल्या घाणीचा एखादा किळसवाणा व्हिडिओ फिरला की आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर ठरलेली चर्चा सुरू होते. आपल्याकडे कुणीही उठतो आणि खुर्ची टाकतो, परदेशात लायसन्सशिवाय कैचीला हात लावू देत नाहीत, वगैरे. मग कुणीतरी मला विचारतं, "तू सांग रे, तुमच्याकडे कसं असतं?" मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. इथे केस कापायला लायसन्स लागत नाही.

नोंदणीचा कायदा 1964 पासून आहे, पण नोंदणी ऐच्छिक. त्याआधीच्या 1961 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक कौन्सिलांना सलूनच्या स्वच्छतेचे नियम करायचा अधिकार दिला. ते करायचे की नाही हे त्यांच्यावर. अमेरिकेत मात्र राज्याचा परवाना, ठरावीक तासांचं प्रशिक्षण, परीक्षा असं सगळं असतं आणि जर्मनीत दुकान चालवायचं तर सहसा 'माइस्टर'ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, पात्रता लागते. तेव्हा 'परदेशात' म्हणजे नेमकं कुठे, हे आधी ठरवलेलं बरं. आणि युरोप म्हणजे सगळं चकाचक असंही नाही. कोविडनंतर स्पेनमध्ये, कडेचे केस मशीनने अगदी बारीक करून घेणाऱ्या पोरांच्या डोक्यावर आणि मानेवर नायट्याची लागण वाढली, तेव्हा तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बोट ठेवलं ते नीट साफ न होणाऱ्या मशीनवरच.

आपल्याकडची चर्चा ब्लेडपाशी सुरू होऊन ब्लेडपाशीच संपते, ही माझी खरी तक्रार. एड्सच्या भीतीने आपल्याला एक सवय चांगली लावली. "दादा, नवीन ब्लेड टाका" हे आता सांगावंही लागत नाही. कारागीर आपल्या डोळ्यांसमोर कागद सोडतो, ब्लेडचे दोन तुकडे करतो, अर्धं वस्तऱ्यात बसवतो. गिऱ्हाईक निर्धास्त. पण ते अर्धं ब्लेड ज्या खाचेत बसलं, ती खाच शेवटची कधी धुतली? दाढी झाल्यावर ओल्या गालावरून फिरतो तो तुरटीचा खडा आधीच्या किती गालांवरून फिरून आलाय? जिथे कापलं, तिथे तर तो मुद्दाम दाबून धरतात. एचआयव्ही शरीराबाहेर फार तग धरत नाही. हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकतो, आणि संसर्ग व्हायला डोळ्यांना दिसेल एवढं रक्त लागतच नाही. तुरटीची पूड करून दर माणसाला चिमूटभर वेगळी घेतली तर प्रश्न मिटतो. खर्च जवळजवळ शून्य. त्यासाठी कुणाला परदेश दाखवायची गरज नाही.

मशीनचं दुखणं वेगळं. तिथे रक्ताइतकीच बुरशीची काळजी. भारतात गेली काही वर्षं नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा डॉक्टरांना जेरीस आणतोय. अशा वेळी मशीनच्या दातांवर नुसती फुंकर मारून ती पुढच्याच्या मानेला लावणं म्हणजे रोगाला हाताने वाट करून देणं. ब्रशने केस काढायचे, मग निर्जंतुक करायचा स्प्रे मारायचा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ तो ओला राहू द्यायचा. क्रमही हाच हवा, कारण केस आणि साबण चिकटलेल्या हत्यारावर औषध नीट पोचतच नाही.

इथे इंग्लंडमध्ये आरशासमोर निळ्या पाण्याची उंच बरणी असते, तिच्यात कंगवे उभे. अमेरिकेत गेल्या शतकाच्या चाळिशीत निघालेलं हे जंतुनाशक द्रावण. प्रमाणात मिसळलं, रोज बदललं आणि हत्यार पूर्ण 10 मिनिटं बुडवून ठेवलं तरच काम करतं. मी जातो त्या दुकानात बरणीच्या तळाशी केसांचा थर दिसतो, आणि गर्दीच्या वेळी कंगवा बुडवून दहा सेकंदांत बाहेर येतो. ती बरणी मग शोभेचीच. आपल्याकडे हत्यारं निर्जंतुक करायला ठेवतात त्या निळ्या दिव्याच्या (यूव्ही) पेटीचीही तीच गत: प्रकाश जिथे पडतो तिथेच पोचतो, कैचीच्या मिटलेल्या पात्यांत नाही.

म्हणजे सगळा हिशोब त्या 10 मिनिटांचा आहे. रविवारी बाकावर माणसं खोळंबलीत आणि कंगवा-कैचीचा एकच संच आहे, तर कारागिराने करायचं काय? एका खुर्चीला किमान तीन संच हवेत: एक हातात, एक बुडवलेला, एक कोरडा. लायसन्सच्या कागदाने संच वाढत नाहीत. जून 2020 च्या अखेरीस महाराष्ट्रात सलून उघडली तेव्हा फक्त कटिंगसारख्या कामांना मुभा होती, दाढीला नव्हती; दर गिऱ्हाइकानंतर हत्यारं निर्जंतुक करायची आणि टॉवेल, अ‍ॅप्रन एकदा वापरून टाकून द्यायचे, असा आदेश होता. भीती होती तोवर जमलं. भीती गेली, आणि जादा खर्च द्यायला नकार देणारी मंडळी आज व्हिडिओ पुढे ढकलत बसलीत. शिवाय ही चर्चा दोन मेसेजांत कारागिराच्या जातीवर घसरते, ते वेगळंच. घाण हत्याराची असते. ती माणसाच्या आडनावाला चिकटवायची खोड आपली.

सक्ती करायचीच तर आधी एक साधी गोष्ट करा. अर्धं ब्लेड बसवताना आणि काढताना सगळ्यात जास्त बोटं कापतात ती कारागिराचीच. हेपॅटायटिस बीची लस आता बाळांना सरकारी लसीकरणात मिळते, पण आज खुर्चीमागे उभ्या असलेल्या बहुतेकांचं बालपण त्याआधीचं. मोठ्यांना सहसा तीन डोस पुरतात. आमच्या ग्रुपवर लायसन्सवरून इतकी भांडणं झाली, या तीन डोसांचा विषय अजून कुणी काढलेला नाही.