सिंगापूरची ऑफर स्वीकारण्याआधी परत निघण्याचा हिशोब मांडा

सिंगापूरमधील नोकरीची ऑफर हाती आली की अनेक जण कोणाच्या तरी ओळखीने मला फोन करतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: 'एवढ्या पगारात तिथे भागेल का?' प्रश्न रास्त आहे. इकॉनॉमिस्ट समूहाच्या २०२३ च्या पाहणीत सिंगापूर झ्युरिकच्या बरोबरीने जगातील सर्वांत महागडे शहर ठरले होते आणि मर्सर या सल्लागार कंपनीच्या २०२४ च्या यादीत ते हाँगकाँगच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर होते. तरीही येथे नोकरी आणि संसार दोन्ही करताना माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारायचे ते हे की, ही नोकरी मध्येच सुटली तर महिनाभरात घर, शाळा, सामान आणि कर हे सगळे आवरून परतण्याची सोय या ऑफरमध्ये आहे का? ज्या ऑफरमध्ये ती नाही, ती रुपयांत कितीही मोठी दिसली तरी तोकडी आहे, असे मी मानते.

असे म्हणण्याचे कारण येथील व्यवस्थेतच आहे. परदेशी व्यावसायिक येथे राहतो तो एम्प्लॉयमेंट पासच्या आधारावर. सगळे त्याला 'ईपी' म्हणतात. त्यासाठी अर्ज कंपनी करते, आणि नोकरी संपली की कंपनीनेच तो आठवड्याभरात रद्द करायचा असतो. त्यानंतर साधारणपणे ३० दिवसांचा मुक्कामाचा परवाना मिळतो, ज्यावर नोकरी करता येत नाही. पती, पत्नी आणि मुले यांचे पास याच पासला जोडलेले असल्यामुळे तेही त्याच वेळी संपतात. या महिनाभरात दुसरी नोकरी मिळून नवा पास मंजूर झाला तर उत्तमच. नाही झाला तर सगळ्या कुटुंबाला निघावे लागते.

त्यातच पैशांची अडचण नेमकी याच वेळी येते. येथे दरमहा पगारातून आयकर कापला जात नाही. वर्षभराच्या उत्पन्नाचा कर पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर द्यायचा असतो. म्हणून परदेशी कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा कंपनीला तसे करखात्याला कळवावे लागते आणि कर चुकता होईपर्यंत त्याला देणे असलेली सगळी रक्कम, अगदी शेवटच्या महिन्याचा पगारसुद्धा, राखून ठेवावी लागते. यात कोणाचा दुष्टपणा नाही, नियमच तसा आहे. परंतु ज्याने दरमहा हाती येणारा संपूर्ण पगार आपलाच समजून खर्च केला किंवा गावाकडच्या घराच्या हप्त्यांत घातला, त्याला करासाठीची रक्कम आणि प्रवासखर्च हे दोन्ही त्या एका महिन्यात उभे करावे लागतात. कराचे दर भारतापेक्षा बरेच कमी आहेत, सर्वोच्च दर २४ टक्के आहे, आणि त्यामुळेच करासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवण्याची आठवण लोकांना राहत नाही. ती पहिल्या पगारापासून वेगळ्या खात्यात ठेवावी.

आता घर. शहर महाग म्हणजे काय, हे येथे घर शोधताना कळते. जेमतेम ७३५ चौरस किलोमीटरच्या बेटावर साठ लाख माणसे राहतात, आणि येथील नागरिक व कायमस्वरूपी रहिवासी यांच्यापैकी सुमारे चार-पंचमांश लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, सदनिकांमध्ये राहतात. या सदनिका पासवर आलेल्या माणसाला विकत घेता येत नाहीत. खासगी घर घ्यायचे म्हटले तर एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला ६० टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क आहे, त्यामुळे तो विचारही सोडावा. राहिले भाड्याचे घर. एचडीबीची सदनिका कॉन्डोपेक्षा, म्हणजे खासगी संकुलातील सदनिकेपेक्षा, स्वस्त पडते. मात्र तेथे संपूर्ण घर भाड्याने देताना मलेशियन नसलेल्या परदेशी भाडेकरूंसाठी कोटा आहे, वसाहतीमागे ८ टक्के आणि इमारतीमागे ११ टक्के. घर आवडले, भाडे ठरले, आणि त्या इमारतीचा कोटा भरलेला निघाला, असे घडते. म्हणून घर पाहायला जाण्याआधी कोटा विचारावा. करोनाकाळात बांधकामे रखडल्यामुळे २०२२ या एका वर्षात खासगी घरांची भाडी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली होती. त्या वर्षी करार संपलेल्या कुटुंबांना घर लहान करण्याचा किंवा दूर जाण्याचा निर्णय काही आठवड्यांत घ्यावा लागला.

भाडेकरार बहुधा दोन वर्षांचा असतो आणि अनामत साधारणपणे वर्षामागे एक महिन्याचे भाडे या हिशोबाने द्यावी लागते. एकूण भाड्यावर ०.४ टक्के मुद्रांक शुल्क भरायचे असते आणि तेही भाडेकरूनेच. म्हणजे दोन वर्षांच्या कराराला दोन महिन्यांची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, मुद्रांक शुल्क आणि बहुधा दलाली, एवढे पहिला पगार येण्याआधीच हातातून जाते. हा बोजा मोठा असला तरी तो दिसतो, त्यामुळे त्याची तयारी करता येते. दिसत नाही ती करारातील विसंगती. राहण्याचा हक्क नोकरी सुटल्यापासून सुमारे महिनाभराचा, आणि घराची बांधिलकी दोन वर्षांची. ही फट बुजवणारे कलम म्हणजे 'डिप्लोमॅटिक क्लॉज': नोकरी सुटली किंवा देश सोडावा लागला तर भाडेकरूला मुदतीआधी घर सोडण्याची मुभा. पण प्रचलित मसुद्यात ही मुभा पहिले १२ महिने उलटल्यावर आणि वर दोन महिन्यांची नोटीस देऊन मिळते. म्हणजे पहिल्या काही महिन्यांत नोकरी गेली, तर हे कलम असूनही चौदा महिन्यांचे भाडे चुकत नाही. शिवाय कलम वापरल्यास घरमालकाने दिलेल्या दलालीचा उरलेल्या मुदतीपुरता भाग भाडेकरूकडून वसूल करण्याची अटही अनेकदा जोडलेली असते.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते की, पहिला करार शक्यतो एका वर्षाचाच करावा. भाडे थोडे अधिक पडले तरी चालेल. प्रोबेशन पूर्ण व्हायच्या आधी दोन वर्षांची सही करू नये. एचडीबीमध्ये किमान सहा महिन्यांचा आणि खासगी घरात किमान तीन महिन्यांचा करार कायदेशीर आहे, त्यामुळे सुरुवातीला खोली किंवा लहान घर घेऊन एकट्याने येणे आणि कुटुंबाला नंतर आणणे हाही चांगला मार्ग आहे. आपल्याकडे लोकांना याचा कमीपणा वाटतो, नातेवाईक विचारतात की बायकामुलांना का नेले नाही. त्यांना काय वाटेल यापेक्षा त्या मुलांची शाळा वर्षात दोनदा बदलू नये, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बाकीच्या महागाईविषयी थोडक्यात. खाणे महाग नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखालच्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांत, साधे, ताजे जेवण आजही परवडते. मोटारगाडीचा विषय काढू नये, कारण गाडी रस्त्यावर आणण्याच्या दहा वर्षांच्या परवान्याचीच किंमत गेल्या काही वर्षांत एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलेली आहे, आणि एमआरटी (येथील मेट्रो) व बस इतक्या चांगल्या आहेत की गाडीची गरजही पडत नाही.

पगाराचा आकडा वाचताना त्यात नसलेल्या गोष्टी वाचाव्यात. येथील नागरिक आणि कायमस्वरूपी रहिवासी यांच्यासाठी मालक सीपीएफ या भविष्यनिधीत पगाराच्या १७ टक्क्यांपर्यंत वेगळी भर घालतो. पासवर आलेल्या परदेशी माणसाला ती मिळत नाही. दुसरीकडे भारतातील नोकरी सोडल्यावर तेथील भविष्यनिर्वाह निधीत पडणारी भरही थांबते. म्हणजे म्हातारपणासाठी कोणीतरी आपोआप बाजूला काढत असलेली रक्कम एका देशात बंद होते आणि दुसऱ्यात सुरूच होत नाही, आणि ऑफर लेटरवर याचा उल्लेख नसतो. वैद्यकीय विम्याचेही तसेच. कमी पगाराच्या परवान्यांवर, म्हणजे वर्क परमिट आणि एस पासवर, आलेल्या कामगारांचा विमा काढणे मालकाला बंधनकारक आहे, ईपीधारकाचा नाही. सरकारी रुग्णालयांतील अनुदानही परदेशी माणसाला मिळत नाही. तेव्हा कुटुंबासह विमा आहे का, बाळंतपण त्यात येते का, आधीचे आजार धरले जातात का, हे लेखी विचारावे.

आणि विचारावेच. आपल्या माणसांचा येथे होणारा सर्वांत मोठा तोटा महागाईमुळे होत नाही, भिडेमुळे होतो, असे मला वाटते. 'एवढी मोठी कंपनी बोलावते आहे, आता आणखी मागणे बरे दिसत नाही,' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकले आहे, आणि ऐकून दर वेळी वाईट वाटले आहे. भीड ही भिकेची बहीण, असे आपलीच भाषा सांगते. सुरुवातीच्या काळातील राहण्याची सोय, अनामत रकमेसाठी बिनव्याजी उचल, सामानाचा खर्च, कुटुंबाचा विमा, कंपनीने कमी केल्यास परतीची तिकिटे आणि पुरेशी लांब नोटीस, या मागण्या येथे अपमानास्पद मानल्या जात नाहीत. मनुष्यबळ विभागाला त्यांची सवय असते. नोटिशीचा कालावधी मला यात सर्वांत मोलाचा वाटतो. कामावरून कमी केल्यास किती भरपाई द्यायची, हे येथे मुख्यतः करारावर अवलंबून असते, आणि दोन वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्याला कायद्याने तिचा हक्कही नसतो. एक महिन्याऐवजी तीन महिन्यांची नोटीस मिळाली, तर त्या तीस दिवसांच्या आधीच श्वास घ्यायला जागा मिळते. सही होण्याआधी हे सगळे मागता येते. नंतर कोणी ऐकत नाही.

पासचे नूतनीकरणही गृहीत धरू नये. पहिला ईपी जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जासाठी किमान पगार ५,६०० सिंगापूर डॉलर आणि वित्तक्षेत्रात ६,२०० आहे, पण हा आकडा तरुणांसाठीचा आहे. वय वाढते तशी पात्रतेची रक्कम वाढत जाते आणि चाळिशीच्या मध्यावर ती जवळजवळ दुप्पट होते. त्यावर सप्टेंबर २०२३ पासून 'कम्पास' ही गुणपद्धती आली आहे, ज्यात उमेदवाराच्या पगाराबरोबर कंपनीत कोणत्या देशाचे किती लोक आहेत हेही मोजले जाते. तुम्ही उत्तम काम केले तरी कंपनीत आधीच भारतीयांचे प्रमाण मोठे असेल, तर तेथे गुण मिळत नाहीत. म्हणून मुलाखतीतच विचारावे की तुमच्याकडील ईपी गेल्या काही काळात नूतनीकृत झाले का.

आई-वडिलांचा विषय मी मुद्दाम वेगळा काढते. पती-पत्नी आणि मुलांना डिपेंडंट पासवर आणण्यासाठी दरमहा किमान ६,००० डॉलर पगार लागतो. आई-वडिलांना दीर्घ मुदतीच्या पासवर आणण्यासाठी तो १२,००० लागतो. 'स्थिरस्थावर झालो की आईला घेऊन येऊ' असे म्हणून निघणाऱ्या एकुलत्या एक मुलामुलींनी हा आकडा निघण्याआधी पाहावा. त्यापेक्षा कमी पगार असेल, तर आई येईल ती पाहुणी म्हणून, व्हिसा काढून, आणि तिच्या आजारपणात विमानाने आपणच जायचे आहे, असे धरून रजा आणि पैसे राखावेत. मुलगा असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पुढे कायमस्वरूपी रहिवास घेतल्यास आई-वडिलांबरोबर तो मिळालेल्या मुलाला अठराव्या वर्षानंतर दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रीय सेवा, बहुधा लष्करात, करावी लागते. ही सेवा चांगली की वाईट, हा माझा मुद्दा नाही. पण त्याच्या वतीने तो निर्णय तुम्ही तो पाच वर्षांचा असताना घेत असता.

सर्वांत जास्त किंमत मात्र बहुधा जोडीदार मोजतो, आणि ती कोणत्याही यादीत येत नाही. माझ्या घरात पास माझा होता आणि डिपेंडंट पास पतीचा. पूर्वी डिपेंडंट पासवरील व्यक्तीला संमतिपत्रावर नोकरी करता येत असे. १ मे २०२१ पासून नोकरी करायची तर स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो, आणि त्या पासच्या पगाराच्या व इतर अटी नव्याने पूर्ण कराव्या लागतात. घराबाहेर पडून काम करण्याची सवय असलेला माणूस दुसऱ्याच्या पगारावर, दुसऱ्याच्या पासवर, अनोळखी शहरात दिवसभर घरी असतो तेव्हा त्याला काय वाटते, हे मी जवळून पाहिले आहे. दोन पगारांचे घर एका पगारावर आले, तर तो एक पगार दुप्पट असूनही फारसे काही उरत नाही, हा हिशोब तर वेगळाच. शिक्षक, वकील, डॉक्टर अशा ज्यांच्या पदवीला येथे स्वतंत्र मान्यता लागते, त्यांच्यासाठी हा मार्ग अधिकच लांब आहे.

त्यामुळे ज्यांना सध्या ऑफर आली आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, करार जोडीदारालाही वाचायला द्यावा, आणि त्या व्यक्तीच्या क्षेत्रात येथे कोणत्या पगाराच्या जागा निघतात, त्या पात्रतेच्या रकमेत बसतात का, हे सहीच्या आधी दोघांनी मिळून शोधावे. कंपनी जोडीदाराच्या नोकरीसाठी काही मदत करते का, हेही त्याच पत्रात विचारावे. काही कंपन्या करतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.