नंबर जुळले की रशियन स्नायपर अस्सल? काहीही!

आमचे दाजी टेक्सासला असतात, जुन्या मिलिटरी बंदुकांचा भारी नाद. तिकडच्या मराठी ग्रुपवर ‘अस्सल रशियन स्नायपर (म्हणजे दुर्बीण, स्कोप लावलेली रायफल) कशी ओळखाल’ असा फॉरवर्ड फिरतोय, तो वाचून ते एका मोसिन-नागांत या जुन्या रशियन रायफलीसाठी अ‍ॅडव्हान्स द्यायला निघालेत, म्हणून हे लिहायला बसलो.

फॉरवर्ड म्हणतो, सगळ्या भागांवरचे नंबर जुळले की रायफल कारखान्यातून निघाली तशीच आहे. अहो, युद्धानंतर सोव्हिएत आर्सेनलांनी (लष्करी शस्त्र-डेपोंनी) या रायफली खोलून दुरुस्त केल्या, बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) हिचा, मॅगझिनची पट्टी तिची, आणि मग जुने नंबर खोडून बॅरलचा नंबर सगळीकडे मारला. त्यामुळे नुसत्या जुळलेल्या नंबरांवरून काही कळत नाही. बघायचं ते बॅरलच्या मागच्या टोकाला, चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) डाव्या अंगाला. पीयू या सोव्हिएत स्कोपवाल्या बऱ्याच रायफलींना तिथे स्कोपचा वेगळा नंबर मारलेला असतो. तो नसेल तर साध्या 91/30 ला (बिनस्कोपच्या मोसिनला) कुणीतरी गॅरेजमध्ये स्कोपसाठी भोकं पाडली असू शकतात, नीट तपासा. रिसीव्हरच्या (बोल्ट सरकतो त्या लोखंडी भागाच्या) डाव्या बाजूला वेल्डिंगने बुजवलेली भोकं दिसली तर ती एकेकाळी खरीच स्नायपर होती, पण स्कोप काढून साधी करून टाकलेली. अशा रायफलीलाच परत भोकं पाडून आजकाल बनवलेला स्कोप चढवतात आणि भाव अस्सलचा लावतात, आणि फॉरवर्डमध्ये यावर एक अक्षर नाही.

वाकड्या मुठीचा बोल्ट म्हणजे स्नायपर, असंही त्यात आहे. वाकडे बोल्ट सुटे विकत मिळतात. हां, सरळ बोल्ट असेल तर तो वर उचलताना स्कोपला अडतो, म्हणून सरळ दिसला तर गडबड आहे एवढं मात्र खरं.

‘स्टॅलिनग्राडला वापरलेली’ म्हणून जो फोटो टाकलाय त्याच्या बॅरलवर 1944 स्पष्ट दिसतंय, लढाई संपली 2 फेब्रुवारी 1943 ला. धन्य आहे.

जुन्या सरप्लस (सैन्याच्या शिलकी) गोळ्या मारून नुसतं तेल लावा म्हणे. त्यांच्या प्रायमरचं (गोळीच्या बुडातल्या ठिणगीच्या दारूचं) मीठ नळीत राहतं, ते तेलाने विरघळत नाही, आधी गरम पाणी ओता, कोरडं करा, मग तेल.

आणि सगळ्यात डेंजर म्हणजे ‘अँटिक आहे, भारतात बिनलायसन आणता येते’. 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टचं कलम 45 उघडून बघा, पुरातन हत्याराला सूट आहे ती दुरुस्त करूनही ते चालणार नसेल तरच. मोसिन तर आजही ठणठणीत चालते, मुंबई एअरपोर्टवरच बेड्या पडतील. पन्नास वर्षं जुनी म्हणून तिकडे जी सवलत मिळते ती अमेरिकेतली, इकडे तिचा काय संबंध?

दाजी, अ‍ॅडव्हान्स थांबवा, आधी त्या विकणाऱ्याकडून लाकडी दस्ता उतरवून बॅरलच्या डाव्या बाजूचा जवळून फोटो मागवा.