सोगो सर्व्हर ‘कमकुवत’ असल्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. लॉगिनचं पान आयकॉनशिवाय ओकंबोकं दिसतं, २ एमबीची फाइलही मेलला जोडता येत नाही आणि सगळ्यांचे फोन सिंकला लागले की वेबमेल अडकतं, त्यामुळे सर्व्हर कमकुवत आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही तक्रारी रास्त आहेत. पण रॅम वाढवून यातलं काहीच सुटणार नाही. अडचण सोगो (मेल, कॅलेंडरचं सॉफ्टवेअर) आणि त्याच्यापुढे तुमच्या टीमने लावलेला एनजिनएक्स (विनंत्या सोगोकडे पोचवणारा वेब सर्व्हर) यांच्या सेटिंगमध्ये आहे.

आयकॉनचं सोपं आहे. एनजिनएक्समध्ये ‘वेबसर्व्हररिसोर्सेस’ची (आयकॉन वगैरेंच्या फोल्डरची) लोकेशन, म्हणजे वेबपत्ता, स्लॅशने संपते, पण एलियसच्या, म्हणजे डिस्कवरच्या खऱ्या फोल्डरच्या मार्गाच्या, शेवटी स्लॅश नाही. फोल्डर आणि फाइलचं नाव एकमेकांना चिकटतं आणि ४०४ (‘फाइल सापडली नाही’) येतो.

फाइल अडते, कारण एनजिनएक्सची अपलोड मर्यादा मुळात १ एमबी असते. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ ३० एमबी करा. तेवढ्यावर थांबू नका. पोस्टफिक्सची (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची) मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे आणि मेलमध्ये जोडलेली फाइल एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते. ती मर्यादा तशीच ठेवलीत तर ७ एमबीच्या पुढची फाइल अपलोड होईल, पण मेल जाणार नाही.

खरं दुखणं फोनचं. तुमच्या सोगोच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमध्ये पिंगचा, म्हणजे फोनने नव्या मेलची वाट पाहण्याचा, कमाल अवधी ३५४० सेकंद आहे. फोन नव्या मेलची वाट पाहत असतो तेवढा वेळ सोगोचा एक वर्कर (विनंती हाताळणारी प्रक्रिया) त्याच्यात अडकून पडतो. वर्कर ३ आणि फोन ४० असतील, तर ब्राउझरला वर्कर मिळणार कुठून? लॉगमधली ‘नो चाइल्ड अव्हेलेबल’ ही ओळ हेच सांगते. फोनच्या संख्येपेक्षा निदान दहा वर्कर जास्त ठेवा. उगाच शंभरावर मात्र नेऊ नका; पेलणार नाहीत एवढे वर्कर ठेवले तर सर्व्हर उलट मंदावतो.

इथे पुष्कळजण फसतात: आकडा सोगोच्या कॉन्फ फाइलमध्ये वाढवला, तरी सर्व्हिस सुरू होताना डिफॉल्ट फाइलमधला ‘प्रीफोर्क’ (वर्करची संख्या) हाच आकडा चालतो. बदल तिथे करा आणि सोगो रीस्टार्ट करा.

सोबत एनजिनएक्समध्ये ॲक्टिव्हसिंकच्या (फोन सिंक होण्याच्या पद्धतीच्या) लोकेशनला प्रॉक्सीचा रीड टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत, ३६०० सेकंद द्या. मूळ ६० सेकंदांत एनजिनएक्स जोडणी तोडतो, फोन लगेच पुन्हा धडकतो आणि बॅटरीही उतरते. सोगोचा वॉचडॉग (फार वेळ अडकलेला वर्कर बंद करणारा पहारेकरी) मुळात १० मिनिटांचा असतो, तोही ६० मिनिटांवर न्या; नाहीतर वाट पाहणारा वर्कर तो मध्येच मारून टाकेल.

एनजिनएक्स रीलोड करण्याआधी सेटिंगमधल्या चुका तपासणारी ‘एनजिनएक्स -टी’ ही आज्ञा चालवा. त्यानंतरही वेबमेल अडकलं, तर त्या वेळेचा सोगोचा लॉग याच तिकिटावर पाठवा, आम्ही तपासून देऊ.