ईस्टर आयलंडचे ते "तेव्हा आणि आता" वाले फोटो, जरा नीट बघूया

पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर आयलंडच्या दगडी पुतळ्यांचं ते फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडेही आलंच असेल. दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे ब्लॅक अँड व्हाइट, गवताळ उतारावर मातीतून वर डोकावणारी मोठाली दगडी डोकी, आणि उजवीकडे रंगीत, समुद्राकाठी ओळीत उभे पंधरा अख्खे पुतळे. खाली मजकूर असा की शंभर वर्षांपूर्वी फक्त डोकी दिसायची, आत्ता कुठे शास्त्रज्ञांनी खोदून धडं बाहेर काढली. हे पुतळे म्हणे हजार वर्षं समुद्राकडे बघत पहारा देतायत, बेटावरच्या लोकांनी पुतळ्यांपायी सगळी झाडं तोडली नि स्वतःच संपले, आणि एवढे दगड हलवणं माणसाला शक्यच नाही, म्हणजे ते कोणी केलं ते तुम्हीच ओळखा. मग अर्थातच दहा जणांना पाठवा.

पहिली गोष्ट, हे दोन फोटो एका जागेचे नाहीतच. डावीकडचा रानो राराकूचा, म्हणजे ज्या डोंगरातून हे पुतळे (मोआई) कोरून काढले त्या खाणीच्या उतारावरचा. उजवीकडचा टोंगारिकीचा, तिथून जवळच, पण खाली किनाऱ्यावर. विश्वास नसेल तर झूम करून डोळे बघा. डावीकडच्या चेहऱ्यांना डोळ्यांच्या खोबणी कोरलेल्याच नाहीत, कपाळाच्या कडेखाली नुसता सपाट दगड उतरत आलाय. उजवीकडे मात्र खोल खोबणी आहेत. कारण पुतळा खाणीतून नेऊन त्याच्या चौथऱ्यावर चढवला की मगच डोळे कोरायचे, आणि त्यात पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसवायचे, तसा एक डोळा १९७८ मध्ये बेटावरच्याच अनाकेनाला सापडला सुद्धा. शिवाय उजवीकडे एकाच्या डोक्यावर लाल दगडाचं टोपीसारखं काहीतरी आहे, ते खाणीतल्या एकावरही नाही. म्हणजे इथे तेव्हा आणि आता असं काही नाहीच, ही एक जागा आणि ती दुसरी जागा, बस.

आता ते "धडं आत्ता सापडली". ब्रिटिश संशोधक कॅथरीन राउटलेज १९१४-१५ मध्ये तिथे राहून खोदकाम करत होती आणि तिच्याकडे अंगासकट उघडे केलेल्या पुतळ्यांचे फोटो आहेत. नंतर १९५५-५६ मध्ये थॉर हेयरडालच्या नॉर्वेच्या मोहिमेने परत खोदलं. २०१० नंतर जो ॲन व्हॅन टिलबर्ग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या टीमने दोन पुतळ्यांभोवती खोदलं, ते फोटो २०१२ च्या सुमारास ईमेलवर फिरले आणि तिथूनच हे "नुकताच शोध" प्रकरण सुरू झालं, ते अजून नुकतंच आहे. बेटावरच्या लोकांना तर हे कधीच गुपित नव्हतं, पुतळे कोरले त्यांच्याच पूर्वजांनी. खाणीखालच्या उतारावर दगडाचा चुरा आणि पावसाने वाहून आलेली माती साठत गेली आणि पुतळे खांद्यांपर्यंत गाडले गेले, एवढंच. त्यात फायदाही झाला, गाडलेल्या पाठीवरचं कोरीवकाम उन्हापावसापासून वाचलं, कारण हा दगड म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन बनलेला, तसा मऊच.

"हजार वर्षं समुद्राकडे बघत पहारा" या एका वाक्यात तर किती घोळ आहेत. बेटावर माणूसच १२०० च्या आसपास पोचला असं आता बहुतेक संशोधक धरतात. आणि समुद्राकडे कसले बघतायत, फॉरवर्डच्याच फोटोत चेहरे आपल्याकडे आहेत आणि पाणी पाठीमागे! किनाऱ्यावरचे जवळपास सगळे पुतळे जमिनीकडे, वस्तीकडे तोंड करून असतात. समुद्राच्या दिशेने तोंड असलेले आकिवी या जागेचे सात पुतळे प्रसिद्ध आहेत, पण ते किनाऱ्यापासून चांगलेच आत आहेत.

आणि हजार वर्षं उभे? १७२२ च्या ईस्टरला डच कप्तान रोखेव्हेन आला तेव्हा चौथऱ्यांवरचे पुतळे उभे होते. १७७४ मध्ये इंग्रज कप्तान कुक आला तर काही पडलेले, आणि एकोणिसावं शतक अर्धं सरून थोडी वर्षं होतात तोवर चौथऱ्यावर एकही उभा राहिलेला नव्हता, बरेचसे तोंडावर पालथे. टोंगारिकीचं त्याहून वाईट झालं. २२ मे १९६० ला चिलीत ९.५ चा भूकंप झाला, त्याच्या त्सुनामीने हे आधीच पडलेले पुतळे उचलून आत जमिनीवर विखरून टाकले, चौथरा उद्ध्वस्त झाला. आज जी रांग दिसते ती १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ क्लाउदियो क्रिस्तीनो आणि मंडळींनी तादानो या जपानी कंपनीच्या क्रेनने परत उभी केलेली आहे, सगळ्यात जड पुतळा ८६ टनांचा. म्हणजे उजवीकडचं जे दृश्य "प्राचीन" म्हणून फिरतंय ते आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने लहान आहे.

इथे कोणीतरी म्हणणारच, बघा, क्रेन लागलीच ना! लागली. पण हेयरडालच्याच वेळी अनाकेनाला पेद्रो आतान या स्थानिक मेयरने बारा माणसं घेऊन, लाकडी दांडे आणि खाली सरकवत नेलेले दगड एवढ्यावर एक पडलेला मोआई १८ दिवसांत उभा केला होता. आणि २०१२ मध्ये हंट आणि लिपो या संशोधकांनी चार टनांवरची प्रतिकृती १८ जणांकडून दोरांनी डावीउजवीकडे डोलवत अक्षरशः चालवून दाखवली. सगळ्यात मोठे पुतळे असेच नेले का यावर वाद आहेत, असू देत, पण त्या वादात एलियन कोणाच्याच बाजूने नाहीत.

राहिलं झाडांचं. यात थोडं खरं आहे म्हणून ते खपतं. बेटावर ताडासारख्या झाडांचं जंगल होतं आणि ते गेलं, तळ्याच्या गाळात त्याचे परागकण सापडलेत. माणसांनी तोडलं, जाळलं, आणि सोबत आलेल्या उंदरांनी बिया खाल्ल्या. पण "स्वतःच संपले" हे साफ चूक. २०२४ मध्ये १५ जुन्या माणसांच्या डीएनएवरचा अभ्यास 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यात सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची काही खूण नाही, उलट १८६० पर्यंत वाढच दिसते. मग १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम पकडणाऱ्यांनी साधारण दीड हजार लोक उचलून नेले, जे थोडे परत आले ते देवीचा रोग घेऊन आले, आणि १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली. हे फॉरवर्डमध्ये कुठे आहे? पुढे १९५३ पर्यंत एका कंपनीने जवळपास अख्खं बेट मेंढ्यांना दिलं आणि मूळ रापा नुई लोकांना हांगा रोआ गावात कुंपणाआड ठेवलं. त्यांचे वंशज आज तिथेच राहतात आणि पुतळ्यांच्या नॅशनल पार्कचा कारभारही तेच बघतात.

खरंच तेव्हा आणि आता बघायचं असेल तर टोंगारिकीचा १९६० नंतरचा, सगळे दगड रानात पसरलेले असा फोटो शोधा आणि त्याच्या शेजारी आजचा ठेवा. आणि रानो राराकूसाठी राउटलेजच्या काळातला फोटो घेऊन त्याच्या शेजारी ऑक्टोबर २०२२ च्या वणव्यानंतरचा ठेवा, तेव्हा आगीने तिथले बरेच पुतळे काळे पडले होते.