सेल्फीचं नेमकं काय सुजतं?

घरच्या ग्रुपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी नव्यानं उगवतो. दिवसाला तीनपेक्षा जास्त सेल्फी काढत असाल तर तुम्हाला ‘सेल्फायटिस’ झालाय. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननं हा मानसिक आजार असल्याचं जाहीर केलंय. मदुराईच्या संशोधनानंही ते सिद्ध झालंय.

आधी ‘जाहीर केलंय’चं बघू. ही बातमी ३१ मार्च २०१४ रोजी अडोबो क्रॉनिकल्स या थट्टेच्या बातम्या छापणाऱ्या संकेतस्थळावर आली. एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी! तो तीनचा आकडा, आजाराच्या तीन पायऱ्या, सगळं तिथलंच. असोसिएशनची मनोविकारांची अधिकृत पुस्तिका डीएसएम-५ ही २०१३ सालची, तिची सुधारित आवृत्ती २०२२ची. दोन्हींत सेल्फायटिस नाही.

खरं तर शब्द ऐकूनच शंका यायला हवी होती. ‘आयटिस’ हा वैद्यकातला ग्रीक प्रत्यय दाह किंवा सूज दाखवतो. टॉन्सिल सुजले की टॉन्सिलायटिस, अपेंडिक्स सुजलं की अपेंडिसायटिस. मराठीत आपण ‘दाह’ जोडतो: संधिदाह, यकृतदाह. मग सेल्फीचं काय सुजतं? (अहंकार म्हणाल, तर विनोद तुम्हाला कळला.) इंग्रजीत असे गमतीचे आजार पूर्वीपासून आहेत, शाळेच्या शेवटच्या वर्षी चढणाऱ्या आळसाला अमेरिकेत ‘सीनियरायटिस’ म्हणतात. आणि ‘सेल्फी’ हा मूळचा लाडाचा शब्द. त्याची सापडलेली पहिली लेखी नोंद २००२ची, ऑस्ट्रेलियातली. तिथे शब्द आखडून शेवटी ‘ई’ लावायची खोडच आहे, बार्बेक्यूची बार्बी होते. आपण विनायकचा विन्या करतो तसंच. त्या लाडक्या नावाला दवाखान्याचं शेपूट लावलं, एवढीच कारागिरी.

मदुराईचा अभ्यास मात्र खरा आहे. तिथल्या व्यवस्थापन संस्थेतले एक संशोधक आणि ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातले मार्क ग्रिफिथ्स यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. सेल्फीची ओढ मोजायला त्यांनी २० विधानांची मोजपट्टी बनवली आणि ४०० जणांवर वापरून पाहिली. पण मूळ बातमी बनावट होती हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय. ‘तीन काढले की आजारी’ असं काही त्यातून सिद्ध होत नाही.

धोका आहे, तो वेगळा. सेल्फी काढताना माणसं बुडाली, म्हणून २०१६ साली मुंबई पोलिसांनी शहरातल्या १६ जागा सेल्फीसाठी धोक्याच्या ठरवल्या. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर पाय पहिल्या सेल्फीलाही घसरतो.